उकिरड्यावरचे रान

आम्ही बागेविषयी बोलणार हे ऐकून काही मंडळी हसली. हमालांच्या मजुरीसाठी घसा कोरडा करणाऱ्यांना पाखरांशी काय कर्तव्य? पण पाठीवरचे पोते उतरले की माणूस प्रथम सावली शोधतो, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो.

मोर्च्यांच्या निमित्ताने मुंबईस आमच्या पुष्कळ खेपा झाल्या. अशाच एका खेपेत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिले. सुमारे 37 एकरांचे हे दाट रान. 1970 नंतरच्या काही वर्षांपर्यंत येथे शहराचा कचरा पडत असे. 1983 साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी येथे पहिले झाड लावले, तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी ओलांडली होती. उद्यान लोकांना खुले झाले 1994 च्या एप्रिलात. सलीम अली 1987 सालीच निवर्तले होते.

मधली अकरा वर्षे आम्हांस मोलाची वाटतात. कचऱ्याचा ढीग म्हणजे जमीन नव्हे. तो आतून कुजतो, तापतो, खचतो; पाणी धरीत नाही. त्यावर माती अंथरावी लागते, तगतील तीच झाडे आधी लावावी लागतात. मग पाचोळा साठतो, पाचोळ्यात किडे येतात, किड्यांमागे पाखरे. आज तेथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. शोभेच्या बागेत हे होणे नाही. तिथे पाचोळा म्हणजे घाण, आणि हिरवळीवर पाय पडला की रखवालदाराची शिट्टी! पहिले झाड कोणी लावले हे इतिहास सांगतो. माती वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे कोणत्याही पाटीवर चढत नाहीत.

पुढे धारावीच्या पुनर्विकासात हे रान जाते की काय, अशी भीती उठली. वाद उच्च न्यायालयात गेला, आणि उद्यान प्रकल्पात नाही असे 2023 साली तेथे सांगण्यात आले. घर हवे की झाड, असा प्रश्न मजुरापुढे टाकणाऱ्यांचा आम्हांस राग येतो. दहा बाय दहाच्या खोलीत संसार करणाऱ्याला दोन्ही हवे असते, आणि झाडाची गरज त्यालाच अधिक.

आता आपले वडवणी. 1999 साली तालुका झाला. कचेऱ्या आल्या, दुकाने वाढली, कचराही वाढला. कोयता घेऊन ऊसतोडीस गेलेली माणसे परततात ती ऐन उन्हाच्या तोंडी. गावाचा कचरा कोठे पडतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. वड, उंबर, लिंब, बाभूळ आपल्या मातीस परके नाहीत. पहिले तीन उन्हाळे रोपांना पाणी कोण घालणार, आणि त्यास रोजी किती देणार, एवढे मात्र खड्डे खणण्यापूर्वी ठरवावे. ते ठरवावयास आम्ही केव्हाही बसू.