पिशवीचें दुखणें आणि तपासणीचा धडा

दसरा-दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील पुष्कळ गांवें ओस पडूं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर-कारखान्यांकडे ऊंस तोडण्यास निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकानेंही काम बुडविलें कीं 'खाडा' पडतो व मजुरी कापली जाते. अशा ठिकाणीं स्त्रीनें आपलें दुखणें सांगावें कोणाला? आपल्या जिल्ह्यांतील स्त्रियांच्या आरोग्याचा अलीकडील इतिहास या कोयत्याशीं जडलेला आहे. ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत तो थोडक्यांत मांडणें उचित वाटतें. कारण त्यांत प्रत्येक घरानें घेण्यासारखा धडा आहे.

सन २०१९ मध्यें येथील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयीं वृत्तपत्रांतून बोभाटा झाला. सरकारनें विधानपरिषदेच्या उपसभापति नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. म्हणजे सुमारें सहांत एक! त्यांत तरुण वयाच्या स्त्रियाही पुष्कळ होत्या.

हें घडलें कसें? फडावर स्वच्छ पाणी नाहीं, संडास नाहीं, पाळीच्या दिवसांतही विसावा नाहीं. अंगावरून पांढरें जाऊं लागतें, ओटीपोट दुखतें. स्त्री तें महिनोन् महिने सोसते आणि अगदीं असह्य झालें म्हणजे दवाखाना गांठते. तेथें 'पिशवी खराब झाली आहे, कर्करोग होईल' असें आपणांस सांगण्यांत आलें, असें अनेक स्त्रियांनीं पुढें सांगितलें. वास्तविक असे विकार बहुधा औषधांनींच बरे होतात. अकालीं गर्भाशय काढल्यानें, विशेषतः बीजकोशही काढल्यास, हाडें ठिसूळ होतात व हृदयविकाराचें भय वाढतें. बोभाट्यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा निर्बंध जिल्ह्यांत घालण्यांत आला.

आतां याच काळाच्या आगेमागें शेजारीं काय घडलें तें पाहूं. आपल्या दक्षिणेस लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशीव, जिल्ह्यांत १९९९ ते २००३ या काळांत १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना एका मोठ्या अभ्यासांत घेण्यांत आलें. त्यांचें वय ३० ते ५९ वर्षें होतें. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं हें कार्य केलें. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळें होतो, तो जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं १९८३ मध्यें ओळखला होता. त्या विषाणूची परीक्षा एकदांच करण्यासाठीं निवडलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकीं आठ वर्षांत ३४ जणी या रोगानें दगावल्या. परीक्षा न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ दगावल्या. म्हणजे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. परीक्षेविना ठेवलेल्या स्त्रियांवर अन्याय झाला, अशी टीकाही या अभ्यासावर झाली, आणि ती विसरतां येत नाहीं.

व्हिनेगारासारखें सौम्य अम्ल लावून डोळ्यांनीं पाहण्याची दुसरी रीत स्वस्त आहे. उस्मानाबादेंत ती एकदांच केल्यानें मृत्यूंत निश्चित घट दिसली नाहीं. परंतु मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून शिकविलेल्या साध्या कार्यकर्त्या स्त्रियांनीं तीच तपासणी दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां केली, तेव्हां मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. नियमितपणाचें महत्त्व यापरतें कोणतें सांगावें? हा रोग विषाणु शिरल्यापासून बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ घेऊन वाढतो. तेवढी सवड माणसाला मिळालेली आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणें ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी दर पांच वर्षांनीं व्हावयाची आहे.

दोन्ही जिल्ह्यांच्या मातींत फरक नाहीं, बायकांच्या कष्टांतही नाहीं. फरक इतकाच कीं, एकीकडे तपासणीवांचून भीतीनें निर्णय घेतला, दुसरीकडे तपासणीनें. तपासणी रोग दाखविते, तशीच रोग नाहीं हेंही दाखविते. आणि ज्या स्त्रीला आपल्या प्रकृतीची खरी माहिती आहे, तिला भेवडावणें सोपें नसतें.

म्हणून माताभगिनींनो, दुखणें वाढण्याची वाट पाहूं नका. फडावर जाण्यापूर्वीं किंवा पाडव्याच्या सुमारास परत आल्यावर सरकारी आरोग्यकेंद्रांत तपासून घ्या, अहवालाचा कागद जपून ठेवा, आणि कोणी पिशवी काढण्यास सांगितलें तर दुसऱ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून होकार देऊं नका. आणि बंधूंनो, त्या दिवसाचा खाडा पडला तरी कुरकुर न करितां तिच्यासोबत जा.