अवटू विकारांचा इतिहास
अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या स्रावाचे आधिक्य झाल्यास नाडी जलद चालते, वजन घटते व हात कापतात. न्यूनता झाल्यास थंडी सोसवत नाही आणि शरीर व मन मंदावतात. लक्षणे परस्परविरुद्ध असल्याने दोहोंचे मूळ एकाच ग्रंथीत आहे, हे उशिरा उमगले. आधिक्याचे वर्णन रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी १८३५ मध्ये, तर प्रौढांतील न्यूनतेचे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये केले. गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांत न्यूनतेचीच लक्षणे उद्भवतात, असे शल्यचिकित्सक टेओडोर कोखर यांना १८८३ मध्ये आढळले. आधिक्य हे ग्रंथीच्या अतिक्रियेमुळे होते, असे मत पाउल मबियस यांनी १८८६ मध्ये मांडले. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचलेली न्यूनताग्रस्त स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे हॉर्मोन अलग केले. महाराष्ट्रात मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. तेथे किरणोत्सर्गी आयोडिनाच्या साहाय्याने अवटू विकारांचे निदान व उपचार होऊ लागले. जन्मजात न्यूनतेवर मात्र पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू व्हावे लागतात. विलंब झाल्यास बालकाची बौद्धिक वाढ कायमची खुंटते.