विश्वासाचा वारसा : नागासाकीच्या सात पिढ्यांची साक्ष

'वारसा' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे वाडी, घर, दागदागिने आणि बँकेतील ठेवी यांचे चित्र उभे राहते. या संपत्तीचा वारस नेमणे तुलनेने सोपे आहे. आजारी मनुष्य अंथरुणावरूनही मृत्युपत्र लिहवून घेऊ शकतो. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की काम पुरे होते. विश्वासाचा वारसा मात्र असा अखेरच्या दिवशी कोणाच्या नावे करून देता येत नाही. तो हयातीतच, रोज थोडाथोडा द्यावा लागतो, आणि देणाऱ्याने तो स्वतः जगलेला असावा लागतो.

हा वारसा म्हणजे नेमके काय, ख्रिस्तसभा त्याविषयी काय शिकविते आणि धर्मगुरू, चर्च व पवित्र मिस्सा यांच्याविनाही तो कसा टिकू शकतो, हे समजून घेण्यासाठी जपानमधील नागासाकी परिसरातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास अतिशय बोलका आहे. या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या वसईशी जुळलेला आहे.

पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण

जुन्या करारात अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलाबाळांच्या मनावर बिंबवाव्यात, घरी बसलेले असताना व वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांविषयी बोलावे, असे इस्राएल लोकांना सांगितले आहे. वाडवडिलांकडून ऐकलेली देवाची महत्कृत्ये पुढच्या पिढीपासून लपवून ठेवायची नाहीत, हा स्तोत्र ७८ चा आशय आहे. नव्या करारात संत पौल तीमथ्याला दुसरे पत्र लिहितो तेव्हा त्याला त्याच्या आजीची आणि आईची आठवण करून देतो (२ तीमथ्य १:५). लोईस आणि युनीके या दोन स्त्रियांच्या ठायी जो विश्वास आधी वसत होता, तोच तीमथ्याच्या ठायी आला. एका तरुण धर्माधिकाऱ्याच्या विश्वासाचे मूळ प्रेषित एका घरात शोधतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (क्र. ११) कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा मानले आणि आईवडील हे आपल्या मुलांसाठी विश्वासाचे पहिले उद्घोषक असल्याचे सांगितले. १९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेनुसार (कलम ७७४) शब्दाने आणि उदाहरणाने मुलांना विश्वासात घडविण्याचे कर्तव्य इतर सर्वांच्या आधी आईवडिलांचे आहे. त्यांच्या जागी असणाऱ्यांवर आणि धर्ममातापित्यांवरही तसेच बंधन आहे. म्हणजेच धर्मशिक्षणाचा रविवारचा वर्ग हा घरच्या शिकवणीला पूरक आहे. तो तिची जागा घेऊ शकत नाही.

वसईचा सुपुत्र नागासाकीच्या टेकडीवर

वसईलाही भेट देऊन गेलेले संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा येथे पोहोचले आणि त्या देशात शुभवर्तमानाची पेरणी सुरू झाली. पुढे वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. त्यांचे वडील पोर्तुगीज, तर आई वसई परिसरातील होती. त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली, काही काळ व्यापार केला आणि नंतर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली ते संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्या समवेत दुभाषी म्हणून जपानला परतले.

राज्यकर्ता हिदेयोशी याच्या आज्ञेने त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. ऐन हिवाळ्यात क्योतो ते नागासाकी हे शेकडो किलोमीटरचे अंतर त्यांना धिंड काढत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा जेमतेम बारा वर्षांचा होता. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संतपद बहाल केले. गास येथील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने उभे आहे.

धर्मगुरूंविना दोन शतके

१६१४ साली संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले, चर्चेस पाडण्यात आली आणि लपून राहिलेल्यांचा शोध घेऊन त्यांना ठार करण्यात आले. १६४४ साली अखेरचे धर्मगुरू हुतात्मा झाले. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षे त्या देशातील ख्रिस्ती लोकांसाठी मिस्सा नव्हती, प्रायश्चित्त संस्कार नव्हता, बिशप नव्हते.

तरीही नागासाकीजवळील उराकामी, गोतो बेटे आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकरी व कोळी कुटुंबांनी विश्वास सोडला नाही. त्यांनी आपसांत जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. एकाकडे ख्रिस्ती दिनदर्शिका सांभाळण्याचे काम असे. नाताळ कधी, उपवासकाळ कधी, ईस्टर कधी, याचा हिशोब तो ठेवी. दुसरा नवजात बालकांना स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी आणि सणांचे दिवस कळवी. धर्मगुरू नसताना योग्य हेतूने कोणीही मनुष्य पाणी ओतून, विहित शब्द उच्चारून स्नानसंस्कार देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यांना पक्की ठाऊक होती. तेवढ्या एका संस्काराच्या बळावर त्यांनी आपली ख्रिस्तसभा जिवंत ठेवली.

प्रार्थना कागदावर ठेवणे धोक्याचे होते, म्हणून त्या पाठ करून मुलांना शिकविल्या जात. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्दांच्या मिश्रणातून बनलेल्या या प्रार्थना हळू आवाजात म्हटल्या जात. घरात बौद्धांच्या कान्नोन देवीसारखी दिसणारी मूर्ती असे आणि तिच्यापुढे पवित्र मरियेचा धावा होई.

हा सारा इतिहास केवळ शौर्याचा नाही. दरवर्षी अधिकारी प्रभू येशूची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवून गावकऱ्यांना तिच्यावर पाय देण्यास भाग पाडत. ज्यांनी नकार दिला त्यांना छळ व मृत्यू पत्करावा लागला. अनेकांनी मात्र भीतीपोटी पाय दिला. घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. प्रायश्चित्त संस्कार देणारा धर्मगुरू नसताना अंतःकरणापासून पश्चात्ताप कसा करावा, हे शिकविणारी एक पुस्तिका १६०३ साली तयार झाली होती. तिचा मजकूर पिढ्यान्पिढ्या जपला गेला. आपल्या मुलांना त्यांनी निर्दोष आयुष्याचा दाखला दिला नाही. पडल्यावर देवाकडे कसे परतावे, हे त्यांनी दाखविले, आणि तोही वारशाचाच भाग होता.

बास्तियन नावाच्या धर्मशिक्षकाने सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून धर्मगुरू येतील असे भाकीत केले होते, असे परंपरा सांगते. प्रत्येक पिढीने ही आशा पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली. त्यांतील बहुतेकांना धर्मगुरूचे दर्शन एकदाही घडले नाही.

१७ मार्च १८६५

परकीयांसाठी बंदरे खुली झाल्यावर पॅरिसच्या मिशनरी संस्थेच्या धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे चर्च बांधले. नुकत्याच संतपद लाभलेल्या २६ हुतात्म्यांना ते समर्पित होते. म्हणजेच वसईच्या संत गोन्सालो गार्सियांनाही. जपानी लोकांवरील बंदी तेव्हाही उठलेली नव्हती.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीहून पंधराएक माणसे या चर्चच्या दाराशी आली. फादर बर्नार्ड पेटीजाँ यांनी त्यांना आत नेले आणि ते गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तेव्हा एक स्त्री त्यांच्याजवळ येऊन कुजबुजली, की आमचे आणि आपले अंतःकरण एकच आहे. मग तिने सांता मारियाची मूर्ती कोठे आहे असे विचारले. बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियामाता पाहून त्या साऱ्यांना हर्ष झाला. बोलता बोलता त्यांनी फादरांना सांगितले, की सध्या दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. सव्वादोनशे वर्षे धर्मगुरूंविना राहिलेल्या त्या शेतकऱ्यांचा उपवासकाळाचा हिशोब एका दिवसानेही चुकला नव्हता.

पुढे अन्य गावांतूनही लोक येऊ लागले. आलेले धर्मगुरू खरे आहेत ना, हे पारखण्यासाठी काहींनी त्यांना रोमच्या पोपविषयी व त्यांच्या ब्रह्मचर्याविषयी विचारले. विश्वव्यापी ख्रिस्तसभेशी आपले नाते असावे, ही ओढ त्यांनी इतका काळ जपली होती.

प्रगट झाल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८६८ पासून उराकामीच्या ३,३०० हून अधिक ख्रिस्ती लोकांना देशभर निरनिराळ्या ठिकाणी हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील सहाशेहून अधिक जण मरण पावले. १८७३ साली बंदी उठली. उरलेले लोक गावी परतले आणि जेथे त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय द्यावा लागत असे, ती गावच्या मुखियाची जागा विकत घेऊन तेथेच त्यांनी चर्च उभारले.

काही कुटुंबे मात्र ख्रिस्तसभेत परतली नाहीत. वाडवडिलांच्या प्रार्थना त्यांनी निष्ठेने म्हटल्या, पण शब्दांचा अर्थ हळूहळू विसरला गेला. आज असे गट मोजकेच उरले आहेत. अर्थ न सांगता दिलेला वारसा किती काळ टिकतो, याचा विचार करण्यास ही गोष्ट आपल्याला लावते.

दिनदर्शिका सांभाळणारे घर

उराकामीत दिनदर्शिका सांभाळण्याची जबाबदारी मोरियामा घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या होती. १९३१ साली ताकाशी नागाई नावाचा वैद्यकीय विद्यार्थी या घरात भाड्याने राहण्यास आला. त्याचा देवावर विश्वास नव्हता. त्या घरातील प्रार्थनामय जीवन पाहून त्याच्या मनात प्रश्न जागे झाले. १९३४ साली त्याने स्नानसंस्कार स्वीकारला आणि त्याच घरच्या कन्येशी, मिदोरीशी, विवाह केला. पुढे तो क्षकिरणतज्ज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेल्या अणुबॉम्बने उराकामीचे चर्च उद्ध्वस्त झाले आणि तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास लोक मृत्यू पावले. डॉक्टर नागाई घरी पोहोचले तेव्हा राखेत पत्नीच्या अस्थी आणि तिची जपमाळ सापडली. स्वतः रक्ताच्या कर्करोगाने खिळलेल्या या पित्याने दोन लहान मुलांसह इवल्याशा झोपडीत अखेरची वर्षे काढली, तेथून ग्रंथलेखन केले आणि १९५१ साली देह ठेवला. मुलांना मागे ठेवून जाणाऱ्या बापाचे मन त्यांनी १९४८ सालच्या आपल्या एका पुस्तकात उघड केले आहे. मोरियामा घराण्याचा वारसा असा रक्ताच्या नात्यापलीकडेही गेला.

आपल्या घरासाठी

पोप फ्रान्सिस यांनी १५ जानेवारी २०१४ रोजी स्नानसंस्कारावर बोलताना जपानच्या या समाजाचा दाखला दिला होता आणि २४ नोव्हेंबर २०१९ रोजी निशिझाका टेकडीवर जाऊन हुतात्म्यांपुढे प्रार्थना केली होती. आपल्याला धर्मस्वातंत्र्य आहे, धर्मग्रामात रोज मिस्सा होते. तरीही संध्याकाळची जपमाळ अनेक घरांतून नाहीशी होत आहे. या इतिहासातून आपल्याला काही गोष्टी उचलता येतील.

घरातील एकाने दिनदर्शिका सांभाळावी. प्रत्येकाच्या स्नानसंस्काराचा दिवस, नावाच्या संताचा सण आणि दिवंगतांच्या पुण्यतिथी त्यात लिहाव्यात व त्या दिवशी मिळून प्रार्थना करावी.

प्रार्थना मुलांकडून पाठ करून घ्याव्यात आणि त्यांचा अर्थही सांगावा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला आजीची मराठी जपमाळ परकी वाटू नये, यासाठी दोघांनी एकत्र बसणे आवश्यक आहे.

आईवडिलांनी आपली चूक मुलांसमोर मान्य करावी आणि त्यांच्यासह प्रायश्चित्त संस्काराला जावे. क्षमा मागणारा पिता पाहिलेले मूल देवाची क्षमा सहज समजू शकते.

ज्यांना अपत्य नाही, त्यांनीही स्वतःला या कार्यातून वगळू नये. धर्ममाता, धर्मपिता, धर्मशिक्षक, शेजारी या नात्यांनी कित्येकांच्या विश्वासाचा पाया घातला जातो. मोरियामा घरात राहण्यास आलेला विद्यार्थी त्या घरचा कोणीही नव्हता.

ज्या आजीने आपल्याला क्रुसाची खूण करायला शिकविले, तिच्या कपाटातील दागिन्यांची वाटणी केव्हाच झाली असेल. तिने शिकविलेली क्रुसाची खूण मात्र सर्व नातवंडांना सारखी मिळाली आहे. ती पुढे देण्याचे काम आता आपल्याकडे आहे. संत गोन्सालो गार्सिया आणि नागासाकीचे सर्व हुतात्मे त्यासाठी आपल्याकरिता प्रभूजवळ विनंती करोत.