‘शिक्षेबाबत काही सांगायचं आहे?’

खुनाचा आरोप सिद्ध झाला की सत्र न्यायाधीश पिंजऱ्यातल्या माणसाला विचारतात, शिक्षेबाबत काही सांगायचं आहे? फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात यापेक्षा मोलाचा प्रश्न नाही. तो आपल्या कायद्यात आला 1974 मध्ये. त्याचं उत्तर नीट ऐकून घ्यायला न्यायालयांना पुढे कित्येक दशकं लागली.

इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत उलटीच रीत होती. देहदंडास पात्र गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याची कारणं त्याला निकालपत्रात लिहावी लागत. म्हणजे फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद. 1955 च्या दुरुस्तीने ही अट गेली. मग 1 एप्रिल 1974 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने दोन गोष्टी केल्या. फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ नोंदवणं बंधनकारक झालं. शिवाय कलम 235(2) नुसार दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी आली. विधी आयोगाने 48 व्या अहवालात तशी शिफारस केली होती आणि ती अगदी रास्त होती. ‘मी खून केलाच नाही’ म्हणणारा आरोपी खटला चालू असताना आपलं बालपण, आजारपण, हलाखी कोणत्या तोंडाने मांडणार?

कायदा आला, तरी सवय जाईना. पंजाबातल्या संतासिंग खटल्यात सत्र न्यायालयाने दोष आणि फाशी एकाच दमात सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ती फाशी रद्द करून प्रकरण शिक्षेच्या सुनावणीसाठी परत पाठवलं. पुढच्याच वर्षी हा प्रश्न मराठवाड्यातून आला. मानवतच्या गाजलेल्या हत्याकांडाच्या अपिलात, म्हणजे दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, न्यायालयाने म्हटलं की सुनावणी राहून गेली म्हणून प्रत्येक खटला खाली पाठवायला नको. वरचं न्यायालयही ती उणीव भरून काढू शकतं. निर्णय व्यवहार्य होता. पण या सवलतीने खालच्या न्यायालयांना एक पळवाट मिळाली, असं माझं मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा बच्चनसिंग निकाल 9 मे 1980 चा. फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ खटल्यातच द्यावी, ही कसोटी त्यातूनच आली. त्या निकालातला एक तपशील मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा. शिक्षा सौम्य करायला कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याची यादी डॉ. चितळे या वकिलांनी न्यायालयासमोर ठेवली होती. आरोपीचं वय, त्याची मानसिक अवस्था, कुणाच्या दबावाखाली त्याने कृत्य केलं का, तो सुधारण्याची शक्यता आहे का. तो सुधारणार नाही हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवावं, असंही त्यात होतं. न्यायालयाने ही यादी निःसंशय महत्त्वाची मानली. आजही फाशीच्या खटल्यातला बचाव याच यादीवरून चालतो.

प्रत्यक्षात मात्र अनेक निकालपत्रांत ही सुनावणी दोन-चार ओळींत आटोपलेली दिसते. आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आई-वडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया करावी. दुपारी दोष, संध्याकाळी फाशी. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात सांगितलं की दोष ठरल्यावर शिक्षेसाठी पुढची तारीख द्यावी. तरी 1995 च्या रावजी निकालात त्याच न्यायालयाने गुन्हेगाराकडे न पाहता फक्त गुन्ह्याकडे पाहावं, असं म्हटलं. बच्चनसिंग निकालाला हे सोडूनच होतं. ही चूक कबूल झाली 2009 मध्ये, महाराष्ट्रातल्या बरियार खटल्यात. रावजीला 1996 मध्येच फाशी झाली होती.

या सुनावणीत काय काय समोर यायला हवं, हे 2022 च्या मनोज निकालाने शेवटी नेमकं सांगितलं. घरची परिस्थिती, शिक्षण, मानसिक तपासणी, तुरुंगातलं वर्तन आणि तिथे केलेलं काम. हे सारं खटल्याच्या पातळीवरच मागवायचं आणि त्याची जबाबदारी सरकारवरही टाकायची. त्याच वर्षी 19 सप्टेंबरला या सुनावणीसाठी किती अवधी द्यावा हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. 2025 मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात मनोज निकालाची चौकट आधीच शिक्षा कायम झालेल्या कैद्यालाही लागू करण्यात आली.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याने पुण्यातलं 1994 चं हत्याकांड आठवावं. पाच स्त्रिया आणि दोन मुलं मारली गेली होती. गुन्हा अमानुष होता, त्या घराचं दुःख कशानेही भरून येणारं नाही. त्यात एका आरोपीला प्रौढ धरून फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानेही केली. मार्च 2023 मध्ये सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्याने त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त डांबता येत नव्हतं. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्याच्या जन्मतारखेची नोंद राजस्थानातल्या त्याच्या शाळेत होती.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी अशा खटल्यात वकिलासोबत आरोपीच्या गावी जाणारा, त्याच्या घरच्यांशी आणि शिक्षकांशी बोलणारा एक प्रशिक्षित माणूसही पहिल्या तारखेपासून द्यावा. दोष ठरल्यानंतर मिळालेल्या एका दुपारीत राजस्थानातल्या शाळेपर्यंत कुणी पोहोचत नाही.