कार्डवाचक आणि संगणक : वर्धा परिसराच्या संदर्भात ओळखीच्या एका साधनाचा इतिहास

प्रस्तावना

ओळखपत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे पत्राकडे जाते. ते कोणी दिले, कोणाला दिले, त्यावर काय लिहिले होते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या पत्रावरील मजकूर मानवी डोळ्यांना दिसतच नाही, त्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो, तो म्हणजे ते वाचतो कोण? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत स्मार्ट कार्ड आपल्याकडे वाहनपरवाना, आरोग्यविमा व डिजिटल स्वाक्षरी अशा अनेक वाटांनी आले. त्यासोबत कार्यालयातील संगणकाला जोडलेले एक लहानसे यंत्रही आले. त्याला कार्ड रीडर अथवा कार्डवाचक म्हणतात. या यंत्राची इतिहासात फारशी दखल घेतली गेलेली नाही. वर्धा जिल्ह्याचा परिसर समोर ठेवून त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा परिसर निवडण्याचे कारण केवळ लेखकाच्या निकटतेचे नाही. बोटांच्या ठशांवर आधारलेल्या नोंदणीविरुद्ध लढा उभारणारा माणूस पुढे याच जिल्ह्यात येऊन राहिला, हे त्यामागील मुख्य कारण होय.

तांत्रिक पूर्वपीठिका

प्लास्टिकच्या पत्रात इलेक्ट्रॉनिक चकती बसविण्याची कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत मांडली गेली. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये स्मृतिचकतीच्या कार्डाचे स्वामित्वहक्क नोंदविले आणि पुढील काही वर्षांत मिशेल उगाँ यांनी सूक्ष्मप्रक्रियक असलेले कार्ड सिद्ध केले. या दुसऱ्या टप्प्यामुळे कार्ड केवळ साठवणीचे साधन न राहता हिशेब करणारे, गुप्त किल्ली जपणारे आणि प्रसंगी नकार देणारे यंत्र बनले. या कार्डांसाठी आयएसओ ७८१६ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८७ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले. कार्डावरील सोनेरी चकतीचे आठ स्पर्शबिंदू, त्यांच्या जागा आणि त्यांतून होणारा विजेचा व संकेतांचा प्रवाह त्याने निश्चित केला.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. अशा कार्डाला स्वतःची वीज नसते. वाचकयंत्रात सरकवून त्याला विद्युत्प्रवाह व घड्याळाचे ठोके मिळाले की मगच ते जागे होते आणि आपल्या जातकुळीची माहिती देणारा एक छोटा बाइट-समूह पाठविते. त्यानंतर संगणक आज्ञा देतो आणि कार्ड उत्तर देते. कार्ड आपणहून कधीच बोलत नाही. दरबारी शिष्टाचारच म्हणावा असा हा प्रकार आहे.

प्रारंभी प्रत्येक निर्मात्याचे वाचकयंत्र निराळे आणि त्याची आज्ञावलीही निराळी असे. ही यंत्रे संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडली जात. त्या पोर्टमधून पुरेशी वीज मिळत नसल्यामुळे अनेक यंत्रांची दुसरी तार कळफलकाच्या खाचेत अडकवून तेथून वीज घेतली जाई. या गुंतागुंतीतून वाट काढण्यासाठी १९९६ मध्ये संगणक व कार्ड क्षेत्रांतील काही कंपन्यांनी पीसी/एससी नावाचा कार्यगट स्थापन केला आणि १९९७ च्या अखेरीस त्याचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. त्यामुळे संगणकावरील कार्यक्रमाला यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याची फिकीर उरली नाही. विंडोज २००० मध्ये ही सोय अंगभूत होती, तर लिनक्ससाठी मुक्त आज्ञावलीच्या चळवळीतून तसाच स्तर तयार झाला. २००१ मध्ये यूएसबी वाचकयंत्रांसाठी सामाईक प्रमाण आले आणि पुढील काळात स्वतंत्र ड्रायव्हरची कटकट बऱ्याच अंशी संपली.

हा तपशील रूक्ष वाटेल, पण शासनव्यवहाराच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला. वाचकयंत्र एकाच कंपनीकडून घ्यावे लागले असते, तर तालुका पातळीवर ते पोहोचलेच नसते. कार्डाच्या बाबतीतही हाच विचार झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि आयआयटी कानपूर यांच्या सहभागातून स्कॉस्टा हे भारतीय प्रमाण तयार झाले आणि २००२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याला स्थान मिळाले. एमएच-३२ क्रमांकाची गाडी चालविणाऱ्या वर्धेकराच्या पाकिटात सोनेरी चकतीचे कार्ड आले ते या वाटेने. मात्र रस्त्यावरील तपासणीत बहुधा कार्डावर छापलेला मजकूरच पाहिला जाई, चकती निमूटपणे पाकिटात परत जाई. वाचकयंत्राविना चकती म्हणजे केवळ अलंकार, याचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण. २०१८ मध्ये डिजिलॉकरमधील परवाना ग्राह्य ठरल्यानंतर तर त्या अलंकाराचेही प्रयोजन ओसरू लागले.

ट्रान्सवाल ते सेवाग्राम

ऑगस्ट १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने आशियाई रहिवाशांच्या सक्तीच्या नोंदणीचा अध्यादेश पुढे आणला. प्रत्येकाने दहाही बोटांचे ठसे देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि पोलिसाने मागताच ते दाखवावे, अशी ही व्यवस्था होती. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात झालेल्या सभेतून सत्याग्रहाचा उगम झाला, हे सर्वश्रुत आहे. त्यापुढील घटनाक्रमाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी समझोता होऊन नोंदणी स्वेच्छेने करण्याचे ठरले. १० फेब्रुवारीस गांधीजी स्वतः नोंदणीसाठी निघाले असता वाटेत मीर आलम व त्याच्या साथीदारांनी त्यांच्यावर हल्ला केला. जखमी अवस्थेत रेव्हरंड जोसेफ डोक यांच्या घरी असताना त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याला तेथेच बोलावून ठसे दिले. कायदा रद्द होत नाही असे दिसताच १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक प्रमाणपत्रांची होळी करण्यात आली.

अर्थात गांधीजींचा आक्षेप शाईला किंवा ठशाला नव्हता. सक्तीने मागितलेला ठसा आणि विश्वासाने दिलेला ठसा यांत त्यांनी भेद केला आणि मार खाऊनही तो कृतीने दाखविला. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी पुढे येरवड्याच्या तुरुंगात लिहावयास घेतला. एप्रिल १९३६ अखेर ते वर्ध्याजवळील शेगावी राहावयास आले. त्याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले.

ज्वारीचा विमा

याच सेवाग्रामात १९४० च्या दशकात डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले आणि १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरातील खेड्यांत आरोग्यविम्याची जी योजना रुजविली, ती प्रस्तुत विषयाच्या संदर्भात फार मोलाची आहे. हंगामात ज्वारी घरात आली की कुटुंबाने ऐपतीनुसार ज्वारी द्यावयाची. भूमिहीनाचा वाटा कमी, जमीनधारकाचा जमिनीच्या प्रमाणात अधिक. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गावाला योजनेत घ्यावयाचे, असा दंडक होता. मोबदल्यात रुग्णालयातील उपचारांत सवलत आणि गावात आरोग्यसेवकाची सोय.

या व्यवस्थेत ओळख पटविण्याचे काम गाव करीत असे. कोणाकडे किती जमीन, कोणाच्या घरात किती माणसे, कोणी ज्वारी दिली, हे गावाला ठाऊक होते आणि खोटे बोलणाऱ्याला बोलावे लागे ते शेजाऱ्यांच्या समोर. या पद्धतीतही उणिवा असणारच. गावाचे ज्ञान निःपक्षपाती असतेच असे नाही आणि जातीच्या उतरंडीत कोणाची साक्ष ग्राह्य धरली जाते, हा प्रश्न उरतोच. तथापि आपल्याविषयी काय नोंदले गेले आहे हे विमाधारकाला कळण्याची शक्यता त्यात होती. त्यासाठी कोणत्याही यंत्राची मध्यस्थी लागत नव्हती.

दोन खाचांचे यंत्र

१ एप्रिल २००८ पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना अमलात आली. दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण, कुटुंबाने भरावयाची रक्कम केवळ ३० रुपये. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत ती राबविली गेली, त्यांत वर्धा नदीपलीकडील अमरावतीचा समावेश होता. तेथील अंमलबजावणीचा अभ्यास २०१२ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झाला आहे.

या योजनेच्या रचनेत कार्डवाचक केंद्रस्थानी होता. गावातील नोंदणी केंद्रावर लॅपटॉप, कॅमेरा, ठसे घेण्याचे यंत्र, छपाईयंत्र आणि कार्डवाचक मांडले जात. कुटुंबाचे छायाचित्र व ठसे घेऊन कार्ड तेथेच छापून हाती द्यावे, असा नियम होता. परंतु ते कार्ड वैध होण्यासाठी फील्ड की ऑफिसर म्हणविल्या जाणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याने आपले स्वतःचे कार्ड दुसऱ्या वाचकयंत्रात घालून आपला ठसा द्यावा लागे. रुग्णालयातही हीच जोडी असे, रुग्णाचे कार्ड एका खाचेत व रुग्णालयाचे अधिकारकार्ड दुसऱ्या खाचेत. दोन्ही कार्डांनी परस्परांची खात्री पटविल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नसे. शिल्लक रक्कम कार्डातच नोंदलेली असल्यामुळे फोनची तार तुटलेली असतानाही उपचार सुरू करता येत. ज्या भागात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नव्हता, तेथे ही योजकता कौतुकास्पद होती, हे मान्य केले पाहिजे. विमा कंपनीने बनावट कुटुंबे दाखवू नयेत म्हणून शासकीय कर्मचाऱ्याची किल्ली मध्ये घालणे, हाही विचार दूरदर्शीपणाचा होता.

मात्र तिसरी खाच कोठेही नव्हती. कार्डधारकाला आपल्या कार्डात किती रुपये उरले आहेत, घरातील कोणाचे नाव चढले आणि कोणाचे राहिले, हे पाहावयाचे असेल तर त्याला संगणकापलीकडे बसलेल्या माणसालाच विचारावे लागे. निंदणी-कापूसवेचणी करणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते नाकारते आणि नकाराचे कारण सांगत नाही. ज्वारीच्या विम्यात वाद झाला तर गावासमोर बोलता येई. येथे वाद पडद्याशी, आणि पडदा दुसऱ्याकडे तोंड करून ठेवलेला.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. येथे चकतीचे कार्ड जाणीवपूर्वक टाळण्यात आले आणि ओळख दूरच्या संगणकातील नोंदीशी ताडून पाहण्याची पद्धत स्वीकारली गेली. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वत्र लागू झाली. तिचा आधार पिवळी व केशरी शिधापत्रिका हा होता. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आल्यावर राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे स्वतंत्र अस्तित्व संपले. जेमतेम एका दशकात दोन खाचांचे यंत्र निरुपयोगी झाले.

तलाठ्याचे टोकन

वाचकयंत्राचा एक प्रकार मात्र टिकला, किंबहुना वाढला. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्ये अमलात आला आणि डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. या स्वाक्षरीची किल्ली ज्या यूएसबी टोकनमध्ये असते, ते वस्तुतः कार्ड व वाचकयंत्र एकाच डबीत बसविलेले साधन आहे. किल्ली आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. चुकीचा पिन वारंवार दिल्यास टोकन बंद पडते. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, त्यामागे तलाठ्याच्या लॅपटॉपला लागलेले हे टोकन आहे. सेलू असो, आर्वी असो वा समुद्रपूर, शेतकऱ्याच्या मालकीचा पुरावा या डबीतून जातो. येथे कार्डवाचक नागरिकाऐवजी अधिकाऱ्याची ओळख पटवितो आणि अधिकाऱ्याला उत्तरदायी ठरवितो. ट्रान्सवालच्या पोलिसाला कोणी ठसा मागितला नव्हता, या दृष्टीने हा बदल लहान नाही. अर्थात टोकन आणि पिन दोन्ही मदतनिसाच्या हाती गेले की गणित कितीही अचूक असो, स्वाक्षरी कोणाची हा प्रश्न पुन्हा जुन्याच जागी येतो. शिक्का पेटीत आणि पेटीची किल्ली कारकुनाकडे, ही तक्रार महसूल खात्याला नवी नाही.

साधनसामग्रीचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकापुढे आता एक व्यावहारिक अडचण उभी आहे. मोडी लिपीतील दस्त शिकून वाचता येतो, कसर लागलेली शिधापत्रिकाही बरेच काही सांगते. घरोघरी फडताळात पडलेल्या चकतीच्या कार्डांचे तसे नाही. बाजारातून आणलेले कोणतेही यूएसबी वाचकयंत्र संगणकाला जोडून त्यात जुने कार्ड घातले, तर ते जागे होऊन आपली जातकुळी निमूट सांगते. पुढे ज्या नोंदींच्या वाचनालाही किल्लीची अट घातलेली आहे, त्या मागताच संगणकावर दोन बाइटांचा नकार उमटतो. किल्ल्या ज्या अधिकारकार्डांत होत्या, ती कार्डे योजनेसोबत कालबाह्य झाली. कार्ड धारकाच्या मालकीचे, पण त्यातील मजकूर त्याला कधीच वाचता आला नाही आणि आता कोणालाच येणार नाही, अशी ही स्थिती आहे.

म्हणून जे अद्याप हाती लागू शकते, ते गोळा केले पाहिजे. नोंदणी केंद्रांवर यंत्र चालविणारी तरुण मुले आज चाळिशीत आहेत. किल्लीकार्ड घेऊन गावोगाव फिरलेले ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी निवृत्त होत आहेत. ज्वारीच्या विम्याच्या बैठकांना बसलेली पिढी तर वृद्ध झाली आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदव्युत्तर प्रकल्पांतून या तिघांच्या मुलाखती घ्याव्यात आणि कार्डे, पावत्या, जुनी वाचकयंत्रे जतन करावीत. यंत्रे भंगारात जाण्याचा वेग पाहता हे काम येत्या दोन-तीन शैक्षणिक वर्षांतच हाती घ्यावे लागेल.