ओहमचा नियम आणि पारगावची मोटर

आंबेगाव तालुक्यात पारगाव आहे, जुन्नर तालुक्यातही पारगाव आहे. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे विहिरी, आणि तक्रारही एकच: "व्होल्टेज डाऊन होतं, मोटर जळाली." आज या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं वायरमनच्या प्रांतात का शिरावं, असं तुम्ही म्हणाल. पण या वाक्यात एक कोडं आहे.

शाळेत आपण ओहमचा नियम पाठ केला. दाबाला धारेनं भागा, रोध मिळतो. म्हणजे रोध तोच असेल आणि दाब उतरला, तर धाराही उतरते. धारा उतरली की उष्णता कमी. बल्ब तसाच वागतो, व्होल्टेज पडलं की मिणमिणतो. मग मोटर गार राहायला हवी. ती जळते कशी?

आधी ओहमकडे जाऊ. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी 1789 साली जन्मलेला, कुलूपं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याची पहिली अडचण अशी, की त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे. मोजायला घ्यावं आणि मोजता मोजता आकडा सरकावा. मग त्यानं बिस्मथ आणि तांबं यांचे सांधे केले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब स्थिर झाला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यानं धारा मोजली, आणि 1827 साली बर्लिनला पुस्तक छापलं.

स्वागत थंड झालं. बर्लिनमध्ये तेव्हा हेगेलचा दबदबा होता. निसर्ग विचारानं समजून घ्यायचा, तारांच्या लांब्या मोजून काय कळणार, अशी हवा. पोल नावाच्या प्राध्यापकानं तर पुस्तकावर कठोर टीका लिहिली. अर्धं आयुष्य हेगेल शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हे सांगताना मजा वाटते, थोडी लाजही वाटते. ओहमनं नोकरी सोडली, बरीच वर्षं हलाखीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोपली पदक दिलं, तेव्हा 1841 साल उजाडलं होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या दारू गाळणाऱ्या कुटुंबातल्या ज्यूल नावाच्या तरुणानं दुसरा नियम मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट. आपल्या मोटरीचं प्राक्तन या 'वर्गा'त आहे.

आता कोडं. बल्बाला काम नसतं, त्यानं फक्त तापायचं. मोटरीला पाणी उपसायचं असतं. मोटेचे बैल दमले तर धाव उतरायला वेळ लावतात, पण मोट भरलेलीच असते. मोटरीचं तसंच. फिरताना ती स्वतः एक उलटा दाब निर्माण करत असते, त्यामुळे चालत्या मोटरीचा दाब भागिले धारा म्हणजे तिच्या तांब्याचा रोध नव्हे. दाब उतरला की ती किंचित मागे पडते आणि जवळजवळ तेवढंच काम उरकायला जास्त धारा ओढते. ओहम खोटा ठरत नाही. आपण त्याचं सूत्र चुकीच्या जागी लावत असतो.

ढोबळ हिशेब करू. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. पाच अश्वशक्तीची मोटर 415 व्होल्टवर दर फेजला साधारण 8 अँपिअर घेते. समजा एका डीपीवर अशा वीस मोटरी एकदम चालू आहेत, म्हणजे 160 अँपिअर. डीपीपासून विहिरींपर्यंतच्या तारेचा रोध 0.3 ओहम धरा. इथे ओहम अगदी सरळ लागू पडतो: 160 गुणिले 0.3, म्हणजे 48 व्होल्ट तारेतच गेले. फेजचे 240 होते, राहिले 192. तिन्ही फेजच्या भाषेत 415 चे झाले 333. आता तेवढंच काम करायला मोटर 8 ऐवजी 10 अँपिअर ओढणार. उष्णता? शंभर भागिले चौसष्ट, दीडपटीहून जास्त. वाइंडिंगचं वार्निश किती दिवस टिकेल?

आणि गोष्ट इथं थांबत नाही. सगळ्यांनी 10 ओढले की तारेतले 48 व्होल्ट 60 होतात, दाब आणखी उतरतो. पहिल्याच हिशेबात तिन्ही तारांत मिळून सुमारे 23 किलोवॉट नुसते तापण्यात गेले होते, म्हणजे पाच मोटरींना पुरेल एवढी वीज. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो स्विच. रात्री दोनला लाइट आली की वीसही मोटरी एका क्षणी सुरू, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट धारा घेते. ऑटो स्विच लावणाऱ्याला मी दोष देत नाही. उसात बिबट्या असताना दोन वाजता विहिरीवर कोण जाईल?

हे आकडे आपल्याकडे कुणी मोजत का नाही, यालाही इतिहास आहे. राज्य वीज मंडळ 1960 साली स्थापन झालं. 1970च्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी आली. सोय झाली, खेडोपाडी मीटर वाचायचा खर्च वाचला. पण पाटीवर लिहिलेला एचपी हेच सत्य झालं. मोटर खरोखर किती ओढते, तिला किती दाब मिळतो, हा प्रश्नच बिलातून गेला. 2004 साली मोफत विजेची घोषणा झाली, ती वर्षभरात मागे घेतली गेली. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत पुन्हा बिल माफ. मला माफीबद्दल तक्रार नाही. पण रिवायंडिंगचे हजारो रुपये कुठल्याच बिलात दिसत नाहीत, ते शेतकऱ्याच्या खिशातूनच जातात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. स्टार्टरवर व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर असतो, तो बंद पडलेला असेल तर दुरुस्त करा. वहीत तीन रकाने आखा: वेळ, व्होल्ट, अँपिअर. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून पंधरा दिवस लिहा, कपॅसिटर लावण्याआधी आणि लावल्यावरही. मग ती वही घेऊन सबस्टेशनला जा आणि साहेबांसमोर उघडून ठेवा.