शालेय विनिमयातून युरोपची ओळख : फ्रान्स-जर्मनीचा सहा दशकांचा प्रयोग

फ्रान्स आणि जर्मनी या शेजारी देशांमध्ये १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांच्या काळात तीन मोठी युद्धे झाली. तिसऱ्या युद्धाच्या अखेरीनंतर अवघ्या अठरा वर्षांनी, १९६३ साली, याच दोन देशांनी आपली मुले एकमेकांच्या घरी राहावयास पाठविण्यासाठी एक संयुक्त संस्था स्थापन केली. त्या वर्षापासून आजवर ९० लाखांहून अधिक युवक-युवतींनी या संस्थेच्या साहाय्याने परस्परांच्या देशांना भेटी दिल्या आहेत. युरोपातील शालेय विनिमयाचे आणि भाषाशिक्षणाचे जे जाळे आज दिसते, त्यातील हा सर्वांत दीर्घकाळ चाललेला आणि सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रयोग मानला जातो. त्याचे यश जितके बोलके आहे, तितक्याच त्याच्या मर्यादाही.

पूर्वपीठिका

युवकांना एकत्र आणण्याची कल्पना १९६३ साली प्रथमच मांडली गेली, असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही देशांतील काही तरुणांनी तसे प्रयत्न केले होते. १९३० साली जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशात झोलबेर्ग या डोंगरावर फ्रेंच आणि जर्मन युवकांचे शिबिर भरले. ओटो आबेट्झ हे त्याचे एक प्रमुख संयोजक होते. पुढे हेच आबेट्झ हिटलरच्या राजवटीचे पॅरिसमधील राजदूत झाले, आणि त्यांचे फ्रेंच सहकारी जाँ ल्युशेर यांना नाझींशी सहकार्य केल्याबद्दल १९४६ साली देहदंड झाला. केवळ सद्भावनेच्या भेटीगाठी युद्ध रोखू शकत नाहीत, इतकेच नव्हे तर त्यांचा प्रचारासाठी वापरही होऊ शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे प्रयत्न म्हणूनच अधिक सावध होते. दाखाऊच्या छळछावणीतून सुटून आलेले जोझेफ रोव्हाँ यांनी १९४५ सालीच फ्रेंच नियतकालिकातून असा विचार मांडला की, उद्याची जर्मनी कशी असेल याची जबाबदारी काही अंशी फ्रान्सवरही आहे. त्याच वर्षी जाँ द्यु रिव्हो या जेझुइट धर्मगुरूंनी ओफेनबुर्ग येथे दोन्ही देशांना परस्परांची माहिती देणारी संस्था सुरू केली. १९५० साली फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या नगरांनी परस्परांशी भगिनी-नगरांचे नाते जोडले. दोन्ही देशांतील नगरांमधील हे पहिले नाते होय. पुढे अशा जोड्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. अनेक शाळांचे विनिमय या नगरसंबंधांतूनच उभे राहिले.

एलिझे करार आणि युवा कार्यालय

सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल जर्मनीच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन युवकांसमोर जर्मन भाषेत भाषण केले. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केलेल्या या सेनानीने त्यांच्याच भाषेत त्यांच्याशी संवाद साधावा, याचा श्रोत्यांवर खोल परिणाम झाला.

त्यानंतर चार महिन्यांनी, २२ जानेवारी १९६३ रोजी, द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोन्राड आडेनाउअर यांनी पॅरिसच्या एलिझे प्रासादात मैत्रीकरारावर स्वाक्षऱ्या केल्या. परराष्ट्र धोरण आणि संरक्षण यांच्या बरोबरीने शिक्षण व युवक हा या कराराचा स्वतंत्र भाग होता. फ्रान्समध्ये जर्मन आणि जर्मनीत फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढविण्यासाठी प्रत्यक्ष उपाय योजण्याचे बंधन दोन्ही सरकारांनी स्वीकारले. ५ जुलै १९६३ रोजी झालेल्या स्वतंत्र करारान्वये फ्रँको-जर्मन युवा कार्यालयाची स्थापना झाली.

या कार्यालयाची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचा खर्च दोन्ही सरकारे समसमान उचलतात. ते कोणत्याही एका देशाचे खाते नसून दोन्ही देशांची सामायिक संस्था आहे. पॅरिस आणि बर्लिन येथे तिची कार्यालये आहेत. ही संस्था बहुतेक भेटी स्वतः आयोजित करीत नाही. शाळा, क्रीडामंडळे, नगरपालिका, युवक संघटना आणि व्यवसायशिक्षण केंद्रे यांना ती अनुदान, मार्गदर्शन आणि प्रशिक्षण पुरविते. सरकार बदलले तरी कार्यक्रम खंडित होत नाही, याचे एक कारण हे विकेंद्रीकरण होय.

विनिमय कसा चालतो?

शालेय विनिमयाचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे वर्गाची सामूहिक भेट. एका देशातील वर्ग शिक्षकांसह आठ-दहा दिवसांसाठी भागीदार शाळेकडे जातो. विद्यार्थी तेथील कुटुंबांत राहतात, शाळेत बसतात, आसपासचा प्रदेश पाहतात. पुढे यजमान मुले पाहुणी म्हणून परतभेटीस येतात. ही परतफेड हाच विनिमयाचा कणा आहे. जो मुलगा दुसऱ्याच्या घरी अडखळत बोलला, तोच आपल्या घरी आलेल्या पाहुण्याची अडचण समजू शकतो.

दीर्घ मुदतीचे विनिमय वैयक्तिक असतात. ब्रिजित सोझे कार्यक्रमात विद्यार्थी सुमारे तीन महिने भागीदार देशात राहतो. फ्रेंच अध्यक्षांच्या दुभाषी आणि नंतर जर्मन चॅन्सेलरांच्या सल्लागार राहिलेल्या विदुषीचे नाव या कार्यक्रमास दिलेले आहे. २००० साली सुरू झालेल्या व्होल्टेअर कार्यक्रमात ही मुदत सहा महिन्यांची आहे. दोन विद्यार्थ्यांची जोडी जुळविली जाते. ही जोडी सहा महिने एका घरी आणि पुढील सहा महिने दुसऱ्या घरी, असे जवळजवळ वर्षभर एकत्र काढते.

भाषाशिक्षणाची पद्धतही येथे वर्गातील पद्धतीहून निराळी आहे. 'टँडेम' म्हणजे जोडीने शिकण्याच्या पद्धतीत प्रत्येक जण आळीपाळीने शिक्षक आणि विद्यार्थी होतो. खेळ, चित्रे, स्वयंपाक आणि सामायिक कामे यांतून शब्द हाताळले जातात. व्याकरणाची अचूकता नंतर येते, बोलण्याची भीड आधी मोडते. काही भेटी मुद्दाम दोन्ही देशांबाहेरील तिसऱ्या ठिकाणी घेतल्या जातात, म्हणजे दोन्ही गट सारखेच परके ठरतात. त्रिदेशीय शिबिरांत बाल्कन प्रदेशासह पूर्वेकडील देशांतील युवकांनाही सामावून घेतले जाते.

दुहेरी प्रमाणपत्र आणि सामायिक इतिहास

१९९४ च्या करारानुसार 'आबिबाक' हा अभ्यासक्रम अस्तित्वात आला. निवडक शाळांतील विद्यार्थी भागीदार देशाची भाषा तर शिकतातच, शिवाय इतिहासासारखे विषयही त्याच भाषेतून अभ्यासतात. अखेरीस त्यांना जर्मनीचे आबिटुअर आणि फ्रान्सचे बाकालोरेआ अशी दोन्ही शालान्त प्रमाणपत्रे मिळतात. त्यामुळे दोन्ही देशांच्या विद्यापीठांची दारे त्यांना खुली होतात.

एलिझे कराराच्या चाळिसाव्या वर्षी, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिन येथे भरलेल्या युवा संसदेत विद्यार्थ्यांनी एक धाडसी मागणी केली. दोन्ही देशांच्या शाळांत इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे, अशी ती मागणी होती. दोन्ही देशांतील इतिहासतज्ज्ञांनी मिळून ते लिहिले. पहिला खंड २००६ साली दोन्ही भाषांत एकाच आशयाने प्रसिद्ध झाला आणि तिसरा खंड २०११ साली आला. जर्मनीत शिक्षण हा घटक राज्यांचा विषय असल्याने अनेक अभ्यासक्रमांशी या पुस्तकाचा मेळ घालणे कठीण गेले. वर्गातील त्याचा वापर मर्यादितच राहिला. परंतु एकेकाळच्या शत्रूंनी युद्धांचा इतिहास संमतीने लिहिला, ही घटनाच महत्त्वाची ठरली.

युरोपीय संघाची भूमिका

दोन देशांनी घालून दिलेली वाट पुढे युरोपीय पातळीवर रुंदावली. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी १९८७ साली इरॅस्मस कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी त्यात सहभागी झाले. १९८९ साली भाषाशिक्षणासाठी लिंग्वा कार्यक्रम मंजूर झाला. शाळांसाठीच्या कार्यक्रमाला सतराव्या शतकातील चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचे नाव देण्यात आले. २००५ पासून 'ई-ट्विनिंग' उपक्रमाद्वारे शाळांना प्रवासाविना, संगणकाद्वारे सामायिक प्रकल्प करता येऊ लागले. २०१४ साली या विविध कार्यक्रमांचे 'इरॅस्मस प्लस' या नावाखाली एकत्रीकरण झाले. १९८७ पासून दीड कोटीहून अधिक लोकांनी त्यांचा लाभ घेतला आहे. २०२१ ते २०२७ या कालखंडासाठी २६ अब्ज युरोंहून अधिक निधी ठेवण्यात आला. त्यातून शालेय विद्यार्थ्यांनाही काही दिवसांपासून एक वर्षापर्यंत परदेशी शाळेत राहता येते.

भाषांबाबतचे उद्दिष्ट मार्च २००२ मध्ये बार्सिलोना येथील शिखर परिषदेत ठरले. प्रत्येक मुलाने मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा लहान वयापासून शिकाव्यात, असे ते उद्दिष्ट आहे. त्रिभाषा सूत्राशी परिचित असलेल्या भारतीय वाचकास ही कल्पना नवी वाटणार नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या समान भाषिक आराखड्याने भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या निश्चित केल्या. आज पुणे किंवा इंदूरमध्ये जर्मन, फ्रेंच शिकणारे विद्यार्थीही याच पायऱ्यांनी आपली प्रगती मोजतात.

जर्मनी आणि पोलंड यांनीही १९९१ साली फ्रँको-जर्मन नमुन्यावर आपले संयुक्त युवा कार्यालय स्थापन केले. पॉट्सडॅम आणि वॉर्सा येथून त्याचे काम चालते.

ब्रिटनचा उलटा प्रवास

भाषा आणि विनिमय यांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणून ब्रिटनकडे पाहिले जाते. इंग्लंडमध्ये २००४ पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर परकीय भाषा शिकणे सक्तीचे राहिले नाही. त्यानंतर फ्रेंच आणि जर्मन घेऊन परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटन इरॅस्मस प्लसमधूनही बाहेर पडले. २०२१ साली आलेल्या ट्युरिंग योजनेत ब्रिटिश विद्यार्थ्यांना परदेशी जाण्यासाठी साहाय्य मिळू लागले, मात्र येणाऱ्या पाहुण्यांसाठी तरतूद नव्हती. वेल्सने २०२२ साली 'तैथ' ही स्वतंत्र योजना आणून ही उणीव काही अंशी भरून काढली.

ऑक्टोबर २०२१ पासून युरोपीय विद्यार्थ्यांना केवळ ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळेनासा झाला. पारपत्र नसलेल्या मुलांमुळे अनेक शालेय सहली रद्द झाल्या किंवा आयर्लंडकडे वळल्या. फ्रेंच शालेय गटांसाठी हा नियम २०२३ च्या अखेरीस शिथिल करावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनने २०२७ साली इरॅस्मस प्लसमध्ये पुन्हा सहभागी होण्याचा निर्णय जाहीर केला.

आजच्या अडचणी

फ्रान्स आणि जर्मनीतही चित्र सर्वस्वी आशादायक नाही. दोन्ही देशांत परस्परांची भाषा शिकणाऱ्यांचे प्रमाण घटत आले आहे. फ्रान्समध्ये दुसरी भाषा म्हणून स्पॅनिशला अधिक पसंती मिळते. दोन्ही देशांतील तरुण भेटल्यावर इंग्रजीचाच आधार घेतात. फ्रान्समध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांतील बरेच द्विभाषिक वर्ग बंद करण्यात आले. जर्मन शिक्षकांनी आणि जर्मनीनेही त्यावर नाराजी व्यक्त केल्यानंतर पुढील वर्षी ते पुन्हा सुरू करण्याची मुभा देण्यात आली. २०२३ साली जर्मनीच्या ग्योटे इन्स्टिट्यूटने खर्चकपातीसाठी बोर्दो, लील आणि स्ट्रासबुर्ग येथील केंद्रे बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा सीमेलगतच्या फ्रेंच नगरांत त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. याउलट जर्मनीतील सारलांड या सीमावर्ती राज्याने २०१४ साली असे ठरविले की, २०४३ पर्यंत तेथील नवी पिढी जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत व्यवहार करणारी असावी.

दुसरी अडचण सामाजिक आहे. विनिमयाचा लाभ प्रामुख्याने सुशिक्षित, सुस्थित कुटुंबांतील मुलांना मिळतो. पाहुण्यासाठी स्वतंत्र खोली नसलेले किंवा प्रवासखर्च न झेपणारे कुटुंब आपणहून मागे राहते. ज्यांना युरोप दूरचा वाटतो, नेमकी तीच मुले या कार्यक्रमांच्या बाहेर राहतात. म्हणूनच अलीकडे व्यवसायशिक्षण घेणाऱ्या आणि वंचित वस्त्यांतील युवकांसाठी विशेष अनुदाने ठेवण्यात येत आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या 'डिस्कव्हर ईयू' योजनेत अठरा वर्षे वयाच्या निवडक तरुणांना युरोपभर रेल्वेप्रवासाचे पास दिले जातात.

भारताशी असलेला धागा

युरोपीय भाषांच्या शिक्षणाची परंपरा भारतातही जुनी आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालणारे विद्यापीठाचे परकीय भाषा वर्ग, मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज ही नावे मराठी विद्यार्थ्यांना परिचित आहेत. जर्मनीने २००८ साली सुरू केलेल्या 'पाश' या भागीदार शाळांच्या जाळ्यात भारतीय शाळांचाही समावेश आहे. २००४ पासूनच्या इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्त्या मिळविणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी राहिली आहे.

भाषेचा प्रश्न किती संवेदनशील असतो, याचा अनुभव भारतानेही घेतला. २०११ च्या करारानुसार केंद्रीय विद्यालयांत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जाऊ लागली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. पुढे २०१५ साली जर्मन ही अतिरिक्त परकीय भाषा म्हणून उपलब्ध ठेवण्याबाबत दोन्ही सरकारांत सहमती झाली. या वादात सर्वाधिक ओढाताण झाली ती सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची. धोरण कोणतेही असो, ते स्थिर असावे लागते, हा त्याचा बोध होय.

साठ वर्षांचा आढावा घेता एक गोष्ट स्पष्ट होते. झोलबेर्गचे शिबिर उत्साहावर उभे होते, तर १९६३ चे कार्यालय करार, निधी, शाळा आणि कुटुंबे यांच्या भक्कम पायावर उभे राहिले. पहिल्याचा ठसा दहा वर्षांत पुसला गेला, दुसरे आजही कार्यरत आहे. मात्र प्रत्येक नव्या पिढीला शेजाऱ्याची भाषा पहिल्या धड्यापासूनच शिकावी लागते. आजोबांनी केलेला विनिमय नातवाच्या उपयोगी पडत नाही.